हार्मोनचा रिपोर्ट म्हणजे बाईचा निकाल नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या महिला पुरवणीत हार्मोन बिघडले की आई होणं अवघड होतं अशा अर्थाचा लेख आला होता. त्यातली माहिती खोटी होती असं मी म्हणत नाही, पण त्यानंतरचे दोन-तीन दिवस आमच्या लॅबमध्ये ज्या मुली घाबरून आल्या त्यांच्याशी बोलल्यावर हे पत्र लिहावंसं वाटलं. मी इचलकरंजीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते, बरीच वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, पण सुई टोचायच्या आधी आणि नंतर बायका जे बोलतात ते मी ऐकत आलेय आणि आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना विचारून विचारून बरंच शिकलेय. माझं म्हणणं एवढंच आहे की हार्मोनचा रिपोर्ट डॉक्टरांना पुढचं औषध ठरवता यावं म्हणून असतो, पण आपल्याकडे तो घरात आणि लग्न जमवताना बाईला मूल होणार की नाही याचा दाखला म्हणून फिरवला जातो, आणि तोही फक्त बाईचा.

सगळ्यात जास्त भीती पीसीओडीची, म्हणजे हार्मोन बिघडून बीजकोषातून बीज वेळेवर बाहेर न पडण्याच्या तक्रारीची. कोणी पीसीओडी म्हणतं कोणी पीसीओएस, आमच्याकडे चिठ्ठीवर दोन्ही येतात. आता तर अकरावी-बारावीतल्या मुली आईबरोबर येतात, दोन महिने पाळी आली नाही म्हणून सोनोग्राफी झालेली असते, त्यात बीजकोषात बारीक बारीक गाठी असं कोणीतरी समजावलेलं असतं आणि आई हळूच मला विचारते, ताई रिपोर्टवर पीसीओडी असं छापून येईल का, पुढे स्थळं बघायची आहेत. मुलगी शेजारी बसून सगळं ऐकत असते. त्या गाठी वगैरे काही नसतात, स्त्रीबीजाच्या बारीक पिशव्या असतात ज्या अर्धवट वाढून थांबल्यात, त्या कापून काढायच्या नसतात आणि त्यांचा कॅन्सरही होत नसतो, पण हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं.

आणि हा शिक्का किती सहज बसतो त्याचं आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण आहे. परळला जी प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे तिथल्या लोकांनी मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या ७७८ मुली तपासल्या, २०१४ साली ते छापून आलं. निदानासाठी रॉटरडॅमचे निकष म्हणतात ते लावले तर २२.५ टक्के मुलींना पीसीओएस निघाला आणि दुसरे जरा कडक निकष लावले तर त्याच मुलींमध्ये १०.७ टक्के. म्हणजे मुली त्याच, फक्त मोजमाप बदललं आणि निम्म्याहून जास्त मुली आजारी यादीतून बाहेर. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं बीजकोष सोनोग्राफीत तसे दिसणं नॉर्मलच असतं, म्हणून तर २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय की पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत निदानासाठी सोनोग्राफी वापरू नका. आता तेराव्या वर्षी पाळी आलेली मुलगी धरली तर एकविसाव्या वर्षापर्यंत. आमच्याकडे सोळा-सतराच्या मुली फाईल घेऊन येतात.

मुळात शरीरात होतं काय तर बऱ्याच जणींमध्ये इन्सुलिन जास्त वाढतं, त्याने बीजकोषातून पुरुषी हार्मोन जास्त तयार होतात, मग एका वेळी बरीच बीजं वाढायला लागतात पण एकही पूर्ण पिकून बाहेर पडत नाही, म्हणून पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, मुरुमं येतात. बीज बाहेर पडत नाही म्हणजे दिवस राहायला वेळ लागतो. पण वेळ लागतो आणि होणारच नाही यात केवढा फरक आहे बघा, कधी चाळीस दिवसांनी कधी साठ दिवसांनी का होईना बीज येत असतं, म्हणून तर तुला काही होणार नाही असं ऐकलेल्या कित्येक जणींना काहीही औषध न घेता दिवस गेलेले आम्ही पाहिलेत. वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के कमी झालं तरी बऱ्याच जणींची पाळी सुधारते, म्हणजे ७० किलोच्या बाईचं साडेतीन ते सात किलो, तेवढंच. पण वजनावरून बोलणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की बारीक मुलींनाही पीसीओएस असतो आणि लग्नाआधी बारीक दिसायचं म्हणून जी मुलगी जेवण तोडते तिची पाळी उलट त्यामुळेच बंद पडू शकते, कारण पोटात पुरेसं जात नाही म्हटल्यावर मेंदूच बीजकोषाला सिग्नल द्यायचा थांबतो.

औषधांचं म्हणाल तर आज बीज येण्यासाठी पहिली गोळी म्हणून लेट्रोझोल देतात. अमेरिकेत पीसीओएसच्या ७५० बायकांवर अभ्यास झाला तो २०१४ मध्ये छापून आला, जुन्या क्लोमिफेनच्या गोळीने १९.१ टक्के बायकांना मूल झालं आणि लेट्रोझोलने २७.५ टक्के, तेही जास्तीत जास्त पाच पाळ्यांच्या उपचारात. आपल्याकडे मात्र २०११ मध्ये सरकारने वंध्यत्वासाठी लेट्रोझोल वापरायला बंदी घातली होती ती २०१७ मध्ये उठली, ती मधली वर्षं ज्या बायकांची वयाने महत्त्वाची होती त्यांचा विचार आला की मला फार वाईट वाटतं. सांगायचा मुद्दा असा की मूल न होण्याची जी जी कारणं आहेत त्यात बीज वेळेवर न येणं हे उपचारांना चांगली दाद देणाऱ्या कारणांपैकी आहे. तुमच्या लेखात नेमकं हेच वाक्य नव्हतं.

आता थायरॉइड. याबद्दल मला जास्त लिहायचंय कारण इथे नुकसान सगळ्यात जास्त होतं आणि इलाज सगळ्यात स्वस्त आहे. थायरॉइड कमी पडला की टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं मेंदूकडचं हार्मोन, वाढतो, पाळी बिघडते, कधी अंगावरून खूप जातं, बीज बाहेर पडायचं थांबतं आणि दिवस राहिलेच तर गर्भपाताची भीती वाढते. शिवाय मेंदूतून थायरॉइडला ढकलणारा जो सिग्नल जास्त सुटतो त्यानेच प्रोलॅक्टिनही वाढतं, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, आणि ते वाढलं की पुन्हा बीज अडतं. म्हणून नुसतं प्रोलॅक्टिन वाढलेलं दिसलं तर आधी टीएसएच बघायचा असतो. थायरॉइडची गोळी सुरू केली की बऱ्याच जणींचं दोन्ही एकदम खाली येतं.

पण गोळी घेतात कशी ते विचारा. सकाळी उठल्यावर चहाबरोबर, नाहीतर चहा झाल्यावर, नाहीतर रक्तवाढीची लाल गोळी, कॅल्शियमची गोळी आणि थायरॉइडची गोळी तिन्ही एकदम तोंडात टाकून वर पाणी. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, अर्धा-पाऊण तास चहा नाही, आणि लोह किंवा कॅल्शियमची गोळी त्यानंतर निदान चार तासांनी, नाहीतर ती नीट अंगी लागत नाही. बाई म्हणते वर्षभर गोळी चालू आहे तरी टीएसएच आठच येतो, डॉक्टर डोस वाढवतात, आणि खरी अडचण चहाची असते. घरात सगळ्यांचा चहा-डबा करून द्यायचा आणि स्वतः अर्धा तास थांबायचं हे सुनेला जमत नाही कारण पहाटे तिला स्वतःसाठी अर्धा तास मिळतच नाही, मग मी सांगते गोळी उशाला ठेव, पाण्याची बाटली ठेव, डोळे उघडले की घे आणि मग चूल पेटव. आणखी एक, पाळी चुकली की गरोदरपणात औषध नको म्हणून काही जणी ही गोळी स्वतःहून बंद करतात. उलट त्या वेळी शरीराला जास्त लागते आणि डोस बहुतेकदा वाढवावा लागतो, सुरुवातीच्या महिन्यांत बाळाला आईचाच थायरॉइड पुरतो. ही गोष्ट तुम्ही पहिल्या पानावर चौकटीत छापलीत तरी जास्त होणार नाही.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या मुलीही खूप, त्यांचा थायरॉइडचा रिपोर्ट काही मशीनवर चुकीचा येतो, टीएसएच खोटाच कमी दिसतो, म्हणून रक्त द्यायच्या आधी दोन दिवस ती बंद ठेवलेली बरी आणि सांगायला तर हवीच. तसंच अ‍ॅसिडिटीच्या ज्या कॅप्सूल लोक मेडिकलमधून आपल्या आपण आणतात त्यातल्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये डोमपेरिडोन नावाचं उलटी थांबवायचं औषध असतं, त्याने प्रोलॅक्टिन वाढतं. काही मानसिक आजारांच्या औषधांनीही वाढतं, ती मात्र स्वतःहून अजिबात बंद करायची नाहीत, डॉक्टरांना विचारायचं. आणि रात्रभर झोप नाही, सकाळी घरात भांडण, बसमध्ये धक्के खात येऊन थेट खुर्चीत बसलेल्या बाईचं प्रोलॅक्टिन थोडंफार जास्त येणारच, आमच्या मॅडम अशा वेळी तिला थोडा वेळ शांत बसवून मग सॅम्पल घ्यायला लावतात. एवढ्याशा वाढीवरून मेंदूतल्या ग्रंथीत गाठ आहे का बघायला एमआरआय करायची घाई कशाला. डोकं सतत दुखतंय, बाजूचं दिसायला कमी झालंय, बाळ नसताना छातीतून दूध येतंय, असं असेल तर मात्र लगेच जायचं, आणि तिथेही बहुतेक वेळा आठवड्यातून एक-दोनदा घ्यायच्या गोळ्यांनी काम होतं.

तपासणीचा दिवस हाही असाच दुर्लक्षित विषय. एफएसएच आणि एलएच, म्हणजे मेंदूकडून बीजकोषाला सिग्नल देणारी हार्मोन, पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघतात. प्रोजेस्टेरॉन बघतात ते बीज बाहेर पडलं का हे कळायला, त्याला सगळे एकविसाव्या दिवशी या म्हणतात, पण ते अठ्ठावीस दिवसांची पाळी असणाऱ्या बाईसाठी झालं. जिची पाळी पस्तीस दिवसांनी येते तिचं बीजच एकविसाव्या दिवसाच्या आसपास बाहेर पडणार, मग त्या दिवशी प्रोजेस्टेरॉन कमी नाही येणार तर काय, तिने अठ्ठाविसाव्या दिवशी यायला हवं, म्हणजे पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी. चुकीच्या दिवशी काढलेल्या रक्तावरून बीजच तयार होत नाही असं ऐकून रडणाऱ्या बायका आम्ही पाहिल्यात. पाळी रोखायच्या किंवा दिवस न राहण्याच्या गोळ्या चालू असताना एफएसएच-एलएच करून तर काहीच कळत नाही कारण ती गोळी तेच हार्मोन दाबून ठेवते. आणि हल्ली ही सगळी तपासणी एका पॅकेजमध्ये मिळते, ऑफर असते, घरी येऊन रक्त नेतात, कोणी विचारत नाही पाळीचा आज कितवा दिवस, औषधं कोणती चालू आहेत. रिपोर्ट मोबाईलवर येतो, जे आकडे रेंजच्या बाहेर असतात ते ठळक, आणि डॉक्टरांनी बघायच्या आधी तो नणंदेच्या फोनवर पोचलेला असतो.

याच पॅकेजमध्ये एएमएच नावाच्या हार्मोनची तपासणी असते. त्यावरून बीजांचा साठा किती ते अंदाजे कळतं, आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी करताना इंजेक्शनला किती बीजं तयार होतील हे डॉक्टरांना ठरवता येतं, तिथे तो उपयोगाचा आहे. पण साठा कमी म्हणजे नैसर्गिकरीत्या दिवस राहणार नाहीत असं नाही. अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या, मूल हवं म्हणून नुकताच प्रयत्न सुरू केलेल्या आणि वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या बायकांचा अभ्यास २०१७ मध्ये आला, त्यात एएमएच कमी असलेल्यांना आणि नॉर्मल असलेल्यांना दिवस राहण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. तरी सव्वीस-सत्तावीसच्या लग्न न झालेल्या मुली एएमएच करून येतात आणि आकडा बघून रात्र रात्र झोपत नाहीत.

इथे ऊसतोडीच्या बायकांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या भागात हंगामात बीडकडच्या टोळ्या येतात, पहाटेपासून फडात असतात, पाळीत अंगावरून कितीही जात असलं तरी खाडा झाला की पैसे कापले जातात. २०१९ मध्ये बीडमधल्या या बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय सगळ्या पेपरांत गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली, ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, त्यातल्या बऱ्याच चाळिशीच्या आतल्या. अंगावरून जास्त जाणं, पाळी मागेपुढे होणं यातल्या कित्येक तक्रारी हार्मोनच्या किंवा जंतुसंसर्गाच्या असू शकतात आणि गोळ्यांनी आटोक्यात येतात, पण शहरातल्या सुनेला जिथे दहा तपासण्या लिहून देतात तिथे फडातल्या बाईला साधा टीएसएचसुद्धा कोणी सांगत नाही. पिशवीबरोबर बीजकोषही काढले तर तिचे हार्मोन एका दिवसात संपतात, हाडं ठिसूळ होतात, आणि तिला तर पुन्हा मोळी उचलायची असते. हार्मोन आणि बाई या विषयावर तुमच्या पुरवणीत पुढचा लेख आला तर तो यांच्यावर यावा.

हे सगळं वाचून कोणी असं समजू नये की पाळीकडे दुर्लक्ष करा म्हणतेय. तीन तीन महिने पाळी येत नसेल तर दाखवायलाच हवं, मूल हवं असो नसो, कारण गर्भपिशवीचं आतलं अस्तर साचत राहणं पुढे धोक्याचं ठरू शकतं. चाळिशीच्या आत पाळी बंद पडली, अचानक दाढी-मिशीसारखे केस वाढले, आवाज बदलला तर वाट बघू नका. आणि मुलासाठी वर्षभर प्रयत्न करून काही झालं नाही तर डॉक्टरांकडे जा, वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच जा, पाळी मुळातच अनियमित असेल तर तेवढंही थांबू नका. बाबा-बुवा आणि सोशल मीडियावरचे हार्मोन बॅलन्स करणारे काढे यात जे महिने जातात ते परत येत नाहीत.

पण जा म्हणजे दोघं जा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात साधारण सहांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी मूल होण्यात अडचण येते, आणि अशा जोडप्यांपैकी साधारण निम्म्या ठिकाणी पुरुषाकडेही कारण असतं, एकट्याचं नाहीतर दोघांचं मिळून. आमच्या लॅबमध्ये मात्र आधी सुनेचं सगळं होतं, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एएमएच, मग ट्यूब उघड्या आहेत का बघायचा एक्स-रे, तो केवढा दुखतो ते ज्यांनी केलाय त्यांना विचारा, काही जणींची दुर्बिणीची तपासणीसुद्धा, आणि हे सगळं नॉर्मल आल्यावर दोन वर्षांनी नवरा वीर्य तपासायला येतो, काहीशे रुपयांची तपासणी, सुई नाही, दुखणं नाही. त्याच्याबरोबर आई आलेली असते ती काउंटरवर सांगते, आमच्या मुलात काही नाही, नुसतं डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. नवऱ्याचे हार्मोन बिघडू शकतात हे तर कोणाच्या गावीही नसतं. जिममध्ये बॉडी करायला जी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात त्याने वीर्यातले शुक्राणू अगदी शून्यावर येऊ शकतात, कारण बाहेरून हार्मोन मिळतंय म्हटल्यावर मेंदू आतलं काम बंद करतो. दिसायला पैलवान आणि रिपोर्ट शून्य, आणि वांझ कोण म्हणून ऐकतेय तर बायको. इंजेक्शन बंद केल्यावर बऱ्याच जणांचं काही महिन्यांत सुधारतं, पण त्यासाठी आधी तपासणी तर झाली पाहिजे.

म्हणून तुम्हाला विनंती, पुरवणीत हार्मोनवर जरूर लिहा, पण एखाद्या हार्मोनतज्ज्ञ डॉक्टरांना दर आठवड्याला वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला बसवा, म्हणजे मुलींना पॅकेजवाल्यांच्या जाहिरातीवरून माहिती घ्यावी लागणार नाही. आणि हे पत्र छापणार असाल तर महिला पुरवणीत छापू नका, मुख्य अंकात छापा, आमच्याकडे पुरवणी घरातल्या बायकाच वाचतात आणि मुख्य अंक पुरुषांच्या हातात असतो.

आपली नियमित वाचक,
एक लॅब टेक्निशियन, इचलकरंजी